भट्टीत हरवलेले ४४ किलो

१०० किलो शुद्ध चुनखडी भट्टीत घालून पूर्ण भाजली, की हाती ५६ किलो कळीचा चुना येतो. उरलेले ४४ किलो राखेत सापडत नाहीत. ते कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेलेले असतात. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५० च्या दशकात अशीच वजनं काटेकोर मोजून हा वायू पकडला. तोवर भाजल्यावर वजन घटतं हे सगळ्यांना दिसत होतं, पण घटलेलं वजन कुठे गेलं याचा हिशेब कोणी मांडला नव्हता.

दहावीचं पुस्तक याला अपघटन म्हणतं. शाळेत संयोगही येतो, चुन्याची निवळी येते, आणि दुष्फेन, म्हणजे साबणाला फेस न येऊ देणारं कठीण पाणीही येतं. पोरं ही समीकरणं सुटी सुटी पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. वास्तविक ती एकाच कॅल्शियमच्या प्रवासातली गावं आहेत, आणि खान्देशात हा प्रवास जमिनीपासून न्हाणीघरातल्या हीटरपर्यंत दिसतो.

कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फसफसतो, फुटतो, वाफा निघतात. ५६ ग्रॅम चुना विरताना साधारण ६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ती सगळी पाण्याला मिळाली, तर २०० मिली पाणी जवळपास उकळीला येईल. म्हणून दिवाळीआधी पिंपात चुना भिजवताना जुनी माणसं लेकरांना लांब उभं करायची. विरलेला चुनाही काही गरीब नाही. त्याच्या निवळीचा सामू (pH) १२ च्या वर जातो. तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची प्लॅस्टिकची पुडी पोरं खेळताना दाबतात, ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. असं झालं तर चोळायचं नाही. डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली बराच वेळ धुवायचा, चुन्याचे कण राहिले असतील तर तेही काढायचे, आणि लगेच दवाखाना गाठायचा. चुन्यासारखी अल्कली डोळ्यात आम्लापेक्षा खोल शिरते.

आता भिंत. ओला चुना नुसता वाळून घट्ट होतो असा समज आहे. पाणी उडून जातं हे खरं, पण खरी पकड येते ती हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषल्यावर. ५६ किलो चुन्याने १८ किलो पाणी घेऊन ७४ किलो विरलेला चुना झाला होता. भिंतीवर तो ४४ किलो वायू परत घेतो, १८ किलो पाणी सोडतो, आणि पुन्हा १०० किलो कॅल्शियम कार्बोनेट तयार! जुन्या वाड्यांच्या चुनेगच्चीचा दर्जा वर्षं गेली तसा वाढत गेला तो याचमुळे. हवा आत झिरपायला वेळ लागतो.

निवळीत नळीने फुंकल्यावर ती दुधाळ होते, तीही हीच क्रिया. प्रयोगशाळेत बहुतेक जण इथेच थांबतात, आणि मला वाटतं मजा तिथेच हुकते. वायू आणखी सोडत राहा. दुधाळपणा जातो, पाणी पुन्हा नितळ होतं. न विरघळणाऱ्या कार्बोनेटचं आता विरघळणारं बायकार्बोनेट झालेलं असतं.

आपल्या विहिरी-बोअरचं पाणी म्हणजे हेच नितळ पाणी. खान्देशाचा काळा दगड, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट, यात वजनाने साधारण १० टक्के कॅल्शियम ऑक्साइड असतं, अर्थात सिलिकेट खनिजांत बांधलेलं. मुळांच्या श्वसनाने जमिनीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो, पावसाचं पाणी तो घेऊन खाली उतरतं आणि खडकातलं कॅल्शियम हळूहळू सोडवतं. तापीच्या गाळातही हे कॅल्शियम आहेच. ते पाणी हीटरवर तापलं की सगळं उलट फिरतं: वायू निसटतो आणि कॉइलवर पांढरा थर बसतो. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, ही तक्रारही त्याच कॅल्शियमची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची योग्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. कॉइलवरचा थर लिंबाच्या रसात भिजवला तर बुडबुडे येत सुटतो. घासणीने खरवडण्यापेक्षा ते बरं, पण आधी प्लग काढा.

याहून गमतीचा उपाय ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्कने १८४१ मध्ये पेटंट केला: कॅल्शियम काढण्यासाठी पाण्यात आणखी चुना टाका! मोजून टाकलेला विरलेला चुना बायकार्बोनेटशी क्रिया करतो, दोघांचंही कार्बोनेट होऊन तळाशी बसतं. जास्त पडला तर मात्र पाणी तुरट आणि अल्कधर्मी होतं, म्हणून हे काम अंदाजाने करायचं नाही.

शेतात हाच पदार्थ पांढऱ्या खड्यांच्या रूपात सापडतो. खड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. अशा चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. लोह जमिनीत भरपूर असतं, पण सामू ८ च्या पुढे गेला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकतं. मातीत नुसतं हिराकस (लोहाचं सल्फेट) टाकून फारसा उपयोग होत नाही, तेही अडकतं. पानांवर लोहाची फवारणी किंवा चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेलं लोह, त्यापेक्षा कामाला येतं.

आणि केळीच्या पट्ट्यात चुन्याचं एक वाईट नातलग आहे. कळीचा चुना आणि कोळसा विजेच्या भट्टीत सुमारे २००० अंश सेल्सिअसला तापवला की कॅल्शियम कार्बाइड मिळतं. त्याला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू निघतो, मागे विरलेला चुना उरतो. गॅस वेल्डिंगच्या दुकानामागे दिसणारा पांढरा गाळ तोच. ॲसिटिलीन फळाला पिकवणाऱ्या, फळातच तयार होणाऱ्या इथिलीन वायूची कच्ची नक्कल करतो, म्हणून फळं पिकवायला पुड्या ठेवल्या जायच्या. पण बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असते, तो लसणासारखा वास मुख्यतः फॉस्फिनचा. भारतात या कामासाठी कार्बाइडवर बंदी आहे. त्याऐवजी पिकवणीच्या बंद खोल्यांत खरं इथिलीन वापरायला परवानगी आहे, हवेच्या दहा लाख भागांत जास्तीत जास्त १०० भाग. रावेर-सावद्याहून हिरवी निघालेली केळी उत्तरेतल्या शहरांत पोचल्यावर अशाच खोल्यांत, साधारण १६ ते १८ अंशांवर, पिवळी होतात.