वैरणीच्या मुलखात काड का पेटतं?

लातूर-धाराशिवकडं येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, शेतात कडब्याच्या, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या ताटांच्या, पेंढ्यांची कोप (खोपटं) उभी करतात. आत पांडव मांडायचे, आंबील-भज्जीचा नैवेद्य दाखवायचा आणि शिवारातच जेवायचं. अलीकडे या कोपीसाठी पेंढ्या कुणाकडून तरी मागून आणाव्या लागतात, कारण घरच्या रानात ज्वारीऐवजी सोयाबीन आणि त्यानंतर हरभरा असतो. आणि त्याच रानाच्या बांधावर, येळवशीच्या दीड-दोन महिने आधी, सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग पेटून गेलेला असतो.

वैरणीसाठी जीव टाकणाऱ्या मुलखात हे कसं झालं, याचं सोपं उत्तर ‘शेतकरी आळशी झाला’ असं दिलं जातं. मला ते पटत नाही.

जुन्या हिशेबात ज्वारी हे दोन मालांचं पीक होतं. दाणा माणसाचा, कडबा जनावराचा. पाच पेंढ्यांचा पाचुंदा मोजायचा, विकायचा तर शेकड्यावर भाव ठरायचा. बलुतेदाराच्या वाट्यालाही धान्याबरोबर पेंढ्या जात. रब्बीची ज्वारी उपटून काढत, त्यामुळे रानात धसकटही राहत नसे. खरिपाची कापलेली असली तर धसकटं वेचून चुलीला जात. गव्हाणीत उरलेलं चघळ शेणाबरोबर उकिरड्यावर पडे आणि मृगाआधी गाडीनं परत रानात येई. काडाचं, म्हणजे पीक काढल्यावर उरणाऱ्या ताटा-पाल्याचं, व्यवस्थापन बैलाच्या पोटातच होत होतं, म्हणून त्याला वेगळं नाव द्यायची वेळ कुणावर आली नव्हती. १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यात मोहोळला निवडून काढलेला मालदांडीचा ‘एम ३५-१’ हा वाण इतकी वर्षं टिकला, त्यात भाकरीच्या चवीइतकाच कडब्याचा वाटा आहे.

पहिला धक्का १९६४ सालचा. त्या वर्षी ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि पुढं खरिपात ‘हायब्रीड’ पसरली. आमच्याकडं नुसतं हायब्रीड म्हटलं तरी ज्वारीच कळते, हा त्याचाच पुरावा. बुटकं ताट, भरलेलं कणीस. धान्याची टंचाई होती तेव्हा हे वरदानच होतं. पण ताट बुटकं म्हणजे वैरण कमी, आणि पीक ऐन पावसात पक्व होत असल्यानं दाणा काळा पडायचा, कडबाही भिजून बुरसायचा. १९७२ च्या दुष्काळानं दावणीची किंमत दाखवली. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झालं. पुढं तिथून आलेल्या ‘परभणी मोती’सारख्या रब्बी वाणांत दाण्याबरोबर कडब्याचं उत्पादनही मोजलं गेलं. नुसत्या दाण्याचे क्विंटल मोजायची सवय मोडायला इतकी वर्षं लागली.

तोवर रान बदललं होतं. १९९० नंतर सोयाबीननं खरीप ज्वारीची जागा घेतली, आणि पुढं बाकीचीही. रोख पैसा, शंभर दिवसांच्या आसपास मोकळं होणारं शेत, लातूरसारखी बाजारपेठ. नाही म्हणायला कारण नव्हतं. सोयाबीनची पानं मात्र काढणीआधीच गळून पडतात. मळणी यंत्रातून निघतं ते देठांचं आणि शेंगांच्या टरफलांचं भुसकट. जनावर ते खातं, पण कडब्यासारखं पोट भरून नाही. आणि खाणारं जनावर तरी कुठं आहे? ट्रॅक्टर आल्यावर बैलजोडी गेली. २०१५ पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीवर बंदी आल्यानं म्हातारा बैल विकणं अवघड झालं, मग नवा घेणारेही कमी झाले. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात राज्यातला गोवंश साधारण १० टक्क्यांनी घटला.

मग उरतो ऑक्टोबर. सोयाबीन निघालं की हरभरा पेरायचा, तोही जमिनीत ओल आहे तोवर. परतीचा पाऊस लांबला तर मळणी लांबते आणि हातात जेमतेम आठ-पंधरा दिवस राहतात. मजूर मिळत नाही, भुसकट वाहून नेण्याचं भाडं परवडत नाही. अशा वेळी काडीपेटी स्वस्त पडते.

दिल्लीच्या धुरामागचं गणितही नेमकं असंच आहे, पीक तेवढं भात. पंजाब-हरियाणात कंबाईन हार्वेस्टर वरची लोंबी घेऊन पुढं जातो आणि पेंढा रानातच उभा-आडवा राहतो. भाताच्या पेंढ्यात सिलिका जास्त, म्हणून तिकडं दावणीला गव्हाचं भूस चालतं, भाताचा पेंढा फारसा नाही. त्यात भूजल वाचवण्यासाठी २००९ मध्ये दोन्ही राज्यांनी लवकर लावणीला कायद्यानं मनाई केली. पाणी वाचवायचा हेतू रास्तच होता, पण कापणी पुढं सरकली आणि गव्हाच्या पेरणीआधीची फट दोन-तीन आठवड्यांवर आली. पेंढ्यातूनच गहू पेरणारं हॅपी सीडर यंत्र त्याआधीच लुधियानाच्या कृषी विद्यापीठात ऑस्ट्रेलियाच्या मदतीनं तयार झालं होतं. केंद्रानं यंत्रांना अनुदान देण्याची वेगळी योजना काढली ती २०१८ मध्ये, आणि तीही पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश व दिल्लीपुरती. दिल्लीच्या नाकात धूर जात नाही त्या शिवारांचा विचार त्यात नव्हता.

मराठवाड्यात भात थोडा, मुख्यतः नांदेडच्या तेलंगणाला लागून असलेल्या पट्ट्यात. तिथला पेंढा बराचसा अजूनही जनावरांपुढंच जातो.

पंजाबचा उपाय उचलून इथं लावायचा तर एक अडचण आहे, ती म्हणजे ओल. काड कुजायला पाणी आणि नत्र लागतं. तिकडं गव्हाला कालव्याचं किंवा ट्यूबवेलचं पाणी मिळतं. इथं कोरडवाहू काळ्या रानात ऑक्टोबरात गाडलेलं काड उन्हाळाभर तसंच पडून राहतं, वाळवी लागते, आणि कुजवणारे जीवाणू सुरुवातीला जमिनीतलंच नत्र ओढून घेतात. ‘काड गाडलं की पीक पिवळं पडतं’ ही तक्रार खोटी नाही. तसं ‘राख म्हणजे खतच’ हेही अर्धं खरं आहे. पालाश बराचसा राखेत राहतो; नत्र, गंधक आणि सेंद्रिय कर्ब मात्र धुराबरोबर जातात, आणि आपल्या जमिनीत टंचाई कर्बाचीच आहे.

कापसाच्या पऱ्हाटीचं, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या वाळल्या झाडांचं, तर उलटंच. पूर्वी ती सरपणासाठी घराच्या मागं रचून ठेवत. २०१७ मध्ये शेंदरी बोंडअळीनं बीटी कपाशी पोखरली, तेव्हापासून सल्ला असा की पऱ्हाटी बांधावर रचू नका, वेळेत काढा, बारीक करा. गॅस घरात आल्यावर चुलीचं गिऱ्हाईकही गेलं होतंच.

उसाला निदान पाणी असतं. एका हेक्टरातून साधारण ८ ते १० टन पाचट, म्हणजे वाळलेला पाला, निघतं. कुट्टी करून सरीत पसरावं, टनाला ८ किलो युरिया आणि १० किलो सुपर फॉस्फेट टाकून जीवाणूंचं कल्चर शिंपावं, ही शिफारस आता कृषी सहायकालाही तोंडपाठ आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी बसवलेलं सगुणा राईस तंत्र, म्हणजे नांगरट न करता मुळं जमिनीतच ठेवायची पद्धत, छत्रपती संभाजीनगर-जालन्याकडं काही शेतकऱ्यांनी मका-कपाशीत वापरून पाहिलं आहे. नांगरल्याशिवाय शेती कशी होईल, हा बांधावरचा प्रश्न मात्र अजून संपलेला नाही.

दुष्काळी वर्षात इथले जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदी घालतात. २०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या, दावणीला उसाचं वाढं आलं, आणि कडब्याच्या पेंढीचा भाव ऐकून लोक गप्प व्हायचे. पाऊस पडला, सोयाबीन आलं. ऑक्टोबरात हरभऱ्याची घाई सुरू झाली तेव्हा भुसकट उचलून नेणारं कुणी नव्हतं.