गेमिंग पीसीची यादी मॉनिटरपासून लिहा

सांगली-मिरजेत कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात गेमिंग पीसीचं कोटेशन मागा. पहिल्या ओळीत प्रोसेसर येतो आणि शेवटच्या ओळीत, उरल्यासुरल्या पैशांत बसेल तो मॉनिटर. ही यादी खालून वर लिहायला हवी, कारण मशीनला किती राबायचंय हे मॉनिटर ठरवतो.

हिशेब करून बघा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर (यालाच १०८०पी म्हणतात) २०,७३,६०० पिक्सेल, म्हणजे रंगाचे ठिपके, असतात. पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, असेल, तर तो पूर्ण वापरायला ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला साधारण १२.४ कोटी पिक्सेल रंगवावे लागतात. २५६० बाय १४४० चा (१४४०पी), १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला की हाच आकडा ६०.८ कोटींवर जातो. म्हणजे जवळपास पाचपट. कार्डात तेवढा दम नसेल, तर महागातला मॉनिटर नुसता शोभेला.

आकार ठरवताना टेप घ्या आणि टेबलावरचं अंतर मोजा. डोळ्यापासून पडदा बहुधा ६० सेंटीमीटरवर येतो. एवढ्या अंतरावर निरोगी डोळ्याला साधारण ०.१७ मिलिमीटरपर्यंतचे ठिपके वेगळे ओळखता येतात. २४ इंची १०८०पी पडद्याचा पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा असतो, चालून जातो. २७ इंचीत तेच १०८०पी घेतलं की पिक्सेल ०.३१ चा होतो आणि अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसायला लागतात. २७ इंचच हवा असेल, तर १४४०पी घ्या; तिथे पिक्सेल ०.२३ वर येतो.

हर्ट्झच्या बाबतीत मात्र फार हाव नको. ६० वरून १४४ वर गेलं की दोन फ्रेममधलं, म्हणजे लागोपाठच्या दोन चित्रांमधलं, अंतर १६.७ मिलिसेकंदांवरून ६.९ वर येतं, आणि माउस हलवताच फरक कळतो. १४४ वरून २४० वर गेल्यावर वाचतात जेमतेम २.८ मिलिसेकंद. १४४ ते १८० च्या दरम्यान थांबलेलं बरं. व्हीए आणि आयपीएस हे पडद्याच्या पॅनेलचे दोन प्रकार. व्हीएचा काळा रंग आयपीएसपेक्षा गडद असतो, पण स्वस्तातल्या व्हीएमध्ये गडद छटा बदलायला एका फ्रेमपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूमागे शाईसारखा डाग ओढला जातो. खोक्यावरचं ‘१ एमएस’ (मिलिसेकंद) हा पॅनेलच्या सर्वात चांगल्या परिस्थितीतला आकडा असतो, तो बघून फसू नका. फ्रीसिंक किंवा जी-सिंक कम्पॅटिबल लिहिलेलं असावं. कार्ड ज्या गतीने फ्रेम देतं त्याच गतीने पडदा ताजा होतो आणि चित्र मधोमध फाटत नाही.

आता कार्ड. १०८०पीला ८ जीबी मेमरीचं कार्ड बऱ्याच गेमना पुरतं. १४४०पीला १२ किंवा १६ जीबी बघा. मेमरी संपली की उरलेला माल साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून तो आणायचा रस्ता खूपच अरुंद असतो. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) चांगला दिसूनही गेम मध्येच अडखळतो. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत, एकाच नावाने विकली जातात. बिलावर जीबी लिहून घ्या.

प्रोसेसरचा नंबर त्यानंतर. सहा कोअरचा रायझन ५ ७६०० किंवा आय-फाइव्ह १२४००एफ मध्यम कार्डाला पुरेसा असतो. रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी लावली की प्रोसेसरला मेमरीचा अर्धाच रस्ता मिळतो. जुना प्रोसेसर ठेवायचा की बदलायचा, याची घरच्या घरी परीक्षा होते: गेमचं रिझोल्यूशन निम्मं करा. एफपीएस वाढला, तर अडसर कार्डाचा होता. वाढलाच नाही, तर प्रोसेसर मागे पडतोय.

सगळ्यात जास्त हयगय होते ती एसएमपीएसची, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर ‘४५० वॅट’ ठळक छापलेलं असतं. ते सोडा, स्टिकरवरचा +१२ व्होल्टचा रकाना वाचा. तिथे १८ अँपिअर असेल, तर कार्ड आणि प्रोसेसर या दोघांना मिळून २१६ वॅटच मिळणार. मध्यम कार्डासाठी ८० प्लस ब्रॉन्झचा (हा वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), नावाजलेल्या कंपनीचा ६५० वॅटचा एसएमपीएस घ्या. कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं ठरलेल्यापेक्षा बरंच जास्त खेचतं, त्यासाठी ही ढील लागते. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींच्या, एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या मॉडेलला कधीच लावू नका. टोक बसतं, पण आतल्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि हार्ड डिस्क जळू शकते.

मग इन्व्हर्टर. घरात पंख्यांसाठी बसवलेला जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर पीसीला चालत नाही. आजच्या एसएमपीएसमधली अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (करंट लहरीच्या आकारात ओढणारी) यंत्रणा गुळगुळीत साइन लहरीवर चालायला बांधलेली असते. चौकोनी लहरीवर ती गुणगुणते, तापते, कधी चक्क बंद पडते. साइन वेव्ह इन्व्हर्टर असला, तरी त्याचं बटण यूपीएस मोडवर हवं. लाइट गेल्यावर एसएमपीएसचा मोठा कपॅसिटर पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरने त्याच्या आत सूत्रं हाती घेतली नाहीत, तर पीसी रिस्टार्ट होतो. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) छोटा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, आणि मॉनिटर धरून गेमिंगचा भार सहज ३५० पर्यंत जातो. त्याच्यावर खेळायचं नाही, सेव्ह करून बंद करायचं.

जुन्या वाड्यांत आणखी एक अनुभव नेहमीचा: कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लागला की मुंग्या येतात. पीसी खराब झालेला नसतो, प्लगला अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर अर्थिंगला जोडलेले असतात. ते नसलं की पत्रा साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो, तरी आधी वायरमनला बोलवा.

सांगलीचा एप्रिल-मे चाळिशीच्या आसपास जातो. खोली २६ वरून ३८ अंशांवर गेली की चिपचं तापमानही जवळपास तेवढंच, १२ अंशांनी चढतं. म्हणून पुढे सलग काच असलेलं कॅबिनेट टाळा, जाळीचं घ्या; पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचा बाहेर टाकणारा. उसाचा पाला पेटवण्याच्या दिवसांत गॅलरीत काजळी उतरते, ती कॅबिनेटच्या धुळीच्या फिल्टरवरही बसते. तेव्हा महिन्यातून एकदा फिल्टर धुवा.

जोडणी झाल्यावर रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, ते बघा. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय, चालू करा, नाहीतर ६००० वेगाची रॅम ४८०० वरच धावते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झही हाताने निवडा. कितीतरी घरांत १६५ चा मॉनिटर वर्षभर ६० वरच चालतो. आणि कार्ड लावूनही गेम रांगत असेल, तर मागे वाकून एचडीएमआयची केबल बघा. ती मदरबोर्डाच्या उभ्या पट्टीत खोचलेली असेल, तर काढून खालच्या आडव्या कार्डात लावा.