वळणावरचे तीन मीटर आणि पाठीवरचं शिसं

देवळात दोघं प्रदक्षिणा घालताहेत. एक गाभाऱ्याच्या भिंतीला हात लावत चालतोय, दुसरा त्याच्यापासून एक मीटर बाहेरून. एका फेरीत बाहेरचा किती जास्त चालेल? 6.28 मीटर. आता दोघांनी गाभाऱ्याऐवजी अख्ख्या डोंगराला गोल प्रदक्षिणा घातली, तर? तरीही 6.28 मीटरच. परीघ म्हणजे त्रिज्येच्या 2π पट. त्रिज्या एका मीटरने वाढली की परीघ 2π मीटरने वाढणार, मग ती मुळात दहा मीटर असो की दहा किलोमीटर. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर तीनदा करून पाहिलं होतं.

घोड्यांच्या शर्यतीत या साध्या भूमितीला फार मोठी किंमत आहे. ती समजायला आधी हँडिकॅप म्हणजे काय ते पाहू.

हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याला जास्त वजन वाहावं लागतं. प्रत्येक घोड्याची मागची कामगिरी पाहून हँडिकॅपर त्याला रेटिंग देतो आणि रेटिंगनुसार वजन ठरतं. जॉकी आणि खोगीर मिळून ते वजन भरलं नाही, तर उरलेल्याचं शिसं खोगिरासोबत बांधतात. सगळे घोडे एकाच वेळी अंतिम रेषेवर पोचावेत, हे हँडिकॅपरचं स्वप्न. दोन घोड्यांमधलं अंतर ‘लेंग्थ’मध्ये, म्हणजे घोड्याच्या लांबीत मोजतात. एक लेंग्थ साधारण 2.4 मीटर. ब्रिटनमधल्या जुन्या ठोकताळ्यानुसार मैलभराच्या शर्यतीत एक लेंग्थ म्हणजे सुमारे 2 पौंड, जवळजवळ 0.9 किलो.

आता प्रदक्षिणेकडे परत येऊ. शर्यतीत अर्धवर्तुळाचं एक वळण असेल, तर आतल्या कठड्यापासून, म्हणजे रेलपासून, एक मीटर बाहेरून पळणारा घोडा 3.14 मीटर जास्त पळतो. म्हणजे 1.3 लेंग्थ, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. तीन मीटर बाहेर राहिला तर 9.4 मीटर, चार लेंग्थ, साडेतीन किलो! हँडिकॅपर अर्ध्या अर्ध्या किलोचा काटेकोर हिशेब करतो आणि एक वळण साडेतीन किलो गुपचूप इकडचे तिकडे करतं. म्हणून निकालाच्या कागदावर ‘दोन लेंग्थने हरला’ असं दिसणारा घोडा प्रत्यक्षात त्या दिवशीचा सगळ्यात चांगला घोडा असू शकतो. तो कुठून पळाला, हे पाहिल्याशिवाय त्याचं रेटिंग कमी करणं मला अन्यायाचं वाटतं.

पण वळणाची त्रिज्या या हिशेबात येतच नसेल, तर लहान ट्रॅक आणि मोठा ट्रॅक यांत फरक कशाने पडतो? एक फरक बळाचा आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने वळणाऱ्या घोड्याला आतल्या बाजूला झुकावं लागतं. अमेरिकेतल्या एक मैलाच्या नेहमीच्या ट्रॅकवर वळणाची त्रिज्या सुमारे 130 मीटर येते. तिथे सपाट जमिनीवर हा झुकाव 12 अंशांच्या आसपास असतो आणि पायांवरचा भार दोनेक टक्के वाढतो. त्रिज्या 60 मीटर केली, तर झुकाव 25 अंश आणि भार दहा टक्क्यांहून जास्त वाढतो. चौखूर धावताना पुढच्या एकेका पायावर आधीच घोड्याच्या वजनाच्या अडीचपट जोर येत असतो, त्यावर हे. म्हणून वळणावर जमिनीला आतल्या बाजूने उतार देतात आणि तीव्र वळणावर घोडा वेग कमी करतो. लांब ढांगांच्या मोठ्या घोड्याला तिथे जड जातं. लहान चणीचा, चटकन पाय बदलणारा घोडा सहज निघून जातो.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो: सुरुवातीपासून पहिलं वळण किती लांब आहे?

इंग्लंडमधल्या चेस्टरचं उदाहरण घ्या. तिथल्या शर्यतींची नोंद 1539 पासूनची आहे. ट्रॅक डावीकडे वळणारा, जेमतेम 1.8 किलोमीटर परिघाचा आणि इतका गोल, की घोडे जवळजवळ सतत वळतच असतात. शेवटची सरळ वाट दोनशे मीटरहून थोडीच जास्त. पाच फर्लाँगच्या, म्हणजे साधारण हजार मीटरच्या शर्यतीत घोडे सुटले की लगेच वळण येतं. आतल्या गेटमधून, म्हणजे सुरुवातीला घोडे ज्या कप्प्यांत ओळीने उभे असतात त्यातल्या रेलजवळच्या कप्प्यातून, सुटलेल्याला रेल आयती मिळते. बाहेरच्या गेटमधल्याने करायचं काय? जिवाच्या आकांताने पुढे जाऊन आत शिरायचं, नाहीतर मागे राहायचं, नाहीतर बाहेरून पळत ते जास्तीचे मीटर सोसायचे. मागे पडलं तर भरून काढायला शेवटी लांब सरळ वाटही नाही. चेस्टरला आतल्या गेटला इतकी किंमत का, ते यातून कळतं.

आणि गेट चिठ्ठीने मिळतं. ब्रिटनमध्ये हँडिकॅपर आधी वजनं ठरवतो, गेटचा ड्रॉ नंतर निघतो. म्हणजे तराजूची पारडी समतोल करून ठेवायची आणि मग ट्रॅकने त्यातल्या एकात गुपचूप वजन टाकायचं. यात हँडिकॅपरचा दोष नाही. त्याचं रेटिंग घोड्याच्या ताकदीचं असतं, त्या दिवशीच्या वाटेचं नसतं.

ट्रॅकची आखणी शर्यतीचं अंतरसुद्धा बदलू शकते. न्यूयॉर्कची बेलमाँट स्टेक्स दीड मैलाची, कारण बेलमाँटचा एक फेराच दीड मैलाचा. मैदानाची पुनर्बांधणी सुरू झाल्यावर 2024 आणि 2025 मध्ये ही शर्यत साराटोगाच्या मैदानावर भरली, तेव्हा तिथल्या ट्रॅकच्या रचनेमुळे ती सव्वा मैलाची करावी लागली.

रेलला चिकटून पळणं नेहमीच फायद्याचं, असंही नाही. आत अडकलेल्या घोड्याला ऐन वेळी पुढे जायला फट मिळत नाही. उलट, समोर घोडे असतील तर वारा त्यांच्या अंगावर जातो: 2012 मध्ये रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं, की असा आडोसा हवेचा अडथळा 66 टक्क्यांपर्यंत कमी करू शकतो. त्यामुळे बाहेरून पण आडोशाला पळालेला आणि बाहेरून एकटा वारा झेलत पळालेला, या दोघांचे तीन मीटर सारखे धरून चालत नाही.

आपल्याकडे मुंबईचा हंगाम हिवाळ्यात महालक्ष्मीला होतो आणि पुण्याचा पावसाळ्यात. पावसाने भिजलेल्या हिरवळीवर सगळ्यात जास्त टापा पडतात त्या रेललगत, कारण जवळची वाट सगळ्यांनाच हवी असते. तिथे चिखल झाला, की भूमितीने दिलेले मीटर माती परत घेते आणि जॉकी आपण होऊन बाहेरची घट्ट जमीन शोधतात. आतली हिरवळ वाचवायला फॉल्स रेल लावतात, म्हणजे तात्पुरता कठडा काही मीटर बाहेर सरकवतात. तो सात मीटर सरकवला, तर एका अर्धवर्तुळात 22 मीटर वाढतात आणि ठरलेलं अंतर राखायला सुरुवातीचं गेट तितकंच पुढे आणावं लागतं. गेट पुढे आलं, की पहिलं वळण तितकंच जवळ येतं. म्हणून रेसकार्ड, म्हणजे त्या दिवशीच्या शर्यतींचं माहितीपत्रक, हातात आलं की मी वजनांच्या रकान्याआधी फॉल्स रेलची ओळ शोधतो.