सेनिओच्या बांधापलीकडे कोण होते? जर्मनीच्या ३६२व्या डिव्हिजनची पार्श्वभूमी

एप्रिल १९४५मध्ये इटलीतल्या सेनिओ नदीवर मराठ्यांच्या तुकडीसमोर जी जर्मन डिव्हिजन (हजारो सैनिकांची मोठी तुकडी) उभी होती, तिची ही पार्श्वभूमी. सप्टेंबर १९४३मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि तो अख्खा देश अडवून धरण्याचे ओझे जर्मनीवर आले. माणसे तर रशियातच खपत होती. रशियन आघाडीवर झिजलेल्या २६८व्या डिव्हिजनचे उरलेसुरले सैनिक आणून वर्षअखेरीस रिमिनीच्या परिसरात ३६२वी इन्फंट्री डिव्हिजन उभी राहिली. कमांडर हाइन्झ ग्रायनर हेही २६८व्यातलेच. युद्धाच्या सुरुवातीला जर्मन डिव्हिजनमध्ये पायदळाच्या नऊ बटालियन (शेकडो सैनिकांच्या तुकड्या) असत. याच सुमारास नव्या आराखड्याने त्या सहावर आणल्या, म्हणजे डिव्हिजन आधीपेक्षा लहान झाली.

जानेवारी १९४४मध्ये दोस्त फौजा रोमच्या दक्षिणेला, अँझिओच्या किनाऱ्यावर उतरल्या. ३६२वी तिथे चिस्टेर्ना गावाच्या बाजूला त्यांना अडवायला आली. २३ मे रोजी अमेरिकनांनी कोंडी फोडली, तेव्हा मुख्य घाव तिनेच सोसला. हल्ला करणाऱ्या अमेरिकनांच्या तिसऱ्या डिव्हिजनचीही त्या एका दिवसात ९००हून अधिक माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. २५ मेला चिस्टेर्ना पडले. उरलेली ३६२वी रोमच्या वाटेवरच्या वेलेत्री गावाला उभी राहिली. तिच्या आणि शेजारच्या जर्मन हर्मन गोरिंग डिव्हिजनच्या मध्ये, माँते आर्तेमिझिओ या डोंगरावर, फट राहिली होती. ३० मेच्या रात्री अमेरिकन पायदळ तिथून जर्मनांच्या पिछाडीला घुसले. माझ्या मते रोमचा मार्ग खरा मोकळा झाला तो इथे. ४ जूनला रोम पडले.

त्यानंतर नवी भरती करून डिव्हिजन पुन्हा लढाईत उतरवली गेली. क्रमांक तोच, माणसे बरीचशी निराळी.

९ एप्रिल १९४५ला ती सेनिओ नदीवर, दोस्तांच्या बाजूने लढणाऱ्या आठव्या भारतीय डिव्हिजनसमोर होती. नदीच्या दोन्ही काठांना उंच मातीचे बांध, त्यांत खणलेली मशीनगनची ठाणी, शिवाय सुरुंग. दोस्तांनी आधी बॉम्बर विमाने, मग तोफा, मग ज्वालाफेकी रणगाडे वापरले. तरीही नदीपार गेलेली, मराठा लाइट इन्फंट्रीची तुकडी गोळीबारात सापडली. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना एकेक करून उचलून अलीकडे आणले. परत जाऊन तीन मशीनगन ठाणी एकट्याने मोडली आणि बांधावर चढून, मराठ्यांची रणगर्जना देत, बाकीच्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते हयात राहिले याचा मनापासून आनंद वाटतो.

३६२वी त्या तडाख्यातून सावरली नाही. उत्तर इटलीतल्या पो नदीकडच्या माघारीत तिची वाताहत झाली. २ मे १९४५ रोजी इटलीतील जर्मन सैन्याची शरणागती अमलात आली.