महिला शेतकऱ्यांसाठी गावात प्रशिक्षण केंद्र: जागा, कागद आणि अर्जाचा क्रम

काजू प्रक्रिया, आमसूल, फणसपोळी, कलमं बांधणं, परसातल्या कोंबड्या, रोपवाटिका: कोकणातल्या बायकांना शिकायच्या गोष्टींची यादी मोठी आहे. शिकवणाऱ्या संस्थाही आहेत, पण त्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी. गुरं, घर आणि म्हातारी माणसं सोडून आठ-दहा दिवस बाहेर राहणं प्रत्येकीला जमत नाही. म्हणून गावागावातून मागणी येते ती आपल्याच पंचक्रोशीत एक कायमची जागा असावी अशी. ती मागणी कागदावर कशी उतरवायची, कोणाकडे न्यायची आणि सोबत काय जोडायचं, ते इथे मांडलं आहे.

असे प्रस्ताव निधी नाही म्हणून अडतात असं सगळे धरून चालतात. माझ्या पाहण्यात ते जास्त वेळा सातबाऱ्यावर अडतात. म्हणून इथे पैशापेक्षा जागेबद्दल जास्त लिहिलं आहे.

अर्ज कोणाच्या नावाने

बचत गटाचं बँकेत खातं असतं, पण तेवढ्यावर इमारत किंवा जमीन गटाच्या नावावर होत नाही. त्यासाठी कायद्याने ओळखलेली संस्था लागते. सरकारी निधीतून बांधायचं असेल तर सर्वात सुटसुटीत मार्ग म्हणजे इमारत ग्रामपंचायतीच्या मालकीची आणि ती चालवायला 'उमेद'च्या (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) ग्रामसंघाकडे, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाकडे, किंवा त्याच्या वरच्या प्रभागसंघाकडे, तसा लेखी करार करून. महिला आर्थिक विकास महामंडळाचे गट असतील तर ही जबाबदारी लोकसंचालित साधन केंद्र (त्या गटांचीच एकत्र संस्था) घेऊ शकतं.

कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआर, निधी हवा असेल तर स्वतःची संस्था लागते. किमान सात जणी मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास, अशी दुहेरी नोंदणी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात होते. त्यानंतर संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी, आणि कंपनी कामकाज मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म. या फॉर्मचा क्रमांक नसेल तर १ एप्रिल २०२१ पासून कंपनी संस्थेमार्फत सीएसआरचा पैसा खर्च करू शकत नाही. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज भरायचा असतो. तो राहिला की पुढे अनुदानाच्या वेळी जुन्याच अध्यक्षांच्या सह्या मागितल्या जातात, हे लक्षात ठेवा.

शेतकरी उत्पादक कंपनी दहा उत्पादक मिळून काढू शकतात. विक्रीसाठी ती उत्तम. पण कंपनीचा नफा भागधारकांचा असतो, त्यामुळे निव्वळ प्रशिक्षणाच्या इमारतीला देणगी मिळवताना ती कमी पडते.

जागा: इथे घाई नको

गावात कोणी दिलदारपणे "ती खालची दोन गुंठे घ्या" म्हणतो, तिथूनच सुरुवात होते. लगेच सातबारा काढा. महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो आणि तो कायदेशीर धरला जातो. मग डावीकडची नावं मोजा. आपल्याकडे एका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावं असणं नेहमीचं. त्यातले निम्मे मुंबईत, काही वारलेले आणि वारस न लागलेले. जमीन कसणाऱ्याने दिलेला शब्द खरा असला तरी सामाईक जमिनीत तो एकटा काहीच देऊ शकत नाही. जमीन द्यायला सगळ्यांची संमती, नसता सर्व खातेदार निदान वाटपाला तयार असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप, त्यानंतर भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी, हा रस्ता आहे. मुंबईकरांच्या सह्या घ्यायच्या असतील तर गणपती किंवा शिमग्याला सगळे गावी असतात तेव्हाच तारीख ठरवा. ज्यांना यायला जमणार नाही त्यांच्याकडून मुखत्यारपत्र मागवा. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे त्याच्या आधी, पावसाळ्यातच देऊन ठेवा.

त्यानंतर 'इतर हक्क' हा रकाना वाचा. प्रस्तावाचा निकाल बहुधा याच रकान्यात लागतो.

'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' अशी नोंद असेल तर ती कुळाला मिळालेली जमीन आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाने जमीन विकत घेऊन दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (म्हणजे शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून हस्तांतर करता येतं. रक्कम फार नसते, पण भरल्याचं चलन फाइलला लागतं. 'राखीव वने' किंवा 'खाजगी वने' असा शेरा असेल तर १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याचा प्रश्न आला. तिथे झगडत बसू नका, दुसरी जागा बघा. सिंधुदुर्गात आकारीपड आणि कबुलायतदार गावकर जमिनींचीही तीच गत: गावाची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची, पण उताऱ्यावर सरकार. त्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत तिथे इमारतीला मंजुरी मिळवणं अवघड.

संस्था स्वतः जमीन घेणार असेल तर आणखी एक अडसर आहे. संस्था 'शेतकरी' नसते. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत, बक्षीस किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असल्याशिवाय. म्हणजे ती परवानगी आधी, नाहीतर जागा बिनशेती करून मग हस्तांतर. बक्षीसपत्र किंवा एका वर्षाहून मोठा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला कागद मंजुरीला चालत नाही.

ग्रामपंचायतीची जागा असेल तर तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्याला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मंजुरी लागते. देवस्थानची असेल आणि देवस्थान नोंदणीकृत न्यास असेल, तर बिनशेती जागेच्या तीन वर्षांवरच्या पट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची कलम ३६ खालची परवानगी. मानकऱ्यांनी होकार दिला, म्हणून हा टप्पा टळत नाही.

आणि समुद्र. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे भरतीरेषेपासून आत ५०० मीटर, तसंच खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, यांतला जो कमी तो पट्टा नियंत्रणाखाली येतो. ग्रामीण किनारा सीआरझेड-३ मध्ये मोडतो. तिथे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा दाट वस्ती असेल तर ना-विकास क्षेत्र ५० मीटर, नसेल तर २०० मीटर. विरळ वाड्यांच्या गावाने २०० मीटर धरूनच जागा निवडावी. गट नंबर नकाशावर कुठे पडतो याची खातरजमा जिल्ह्याच्या मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावरून करायची. नियंत्रित पट्ट्यात असेल तर प्रस्ताव महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो आणि वेळ लागतो. वाडीत वर, रस्त्याला लागून जागा मिळत असेल तर किनाऱ्याची हौस सोडा.

एवढं वाचून दडपण आलं असेल तर एक सोपा पर्याय आहे. पट कमी झाल्याने बंद पडलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा कोकणात कितीतरी आहेत. चिऱ्याच्या भिंती, पडवी, विहीर, रस्ता सगळं असतं. ग्रामसभेचा ठराव करून शिक्षण विभागाकडे वापरासाठी मागणी करा. दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामापेक्षा कमी, आणि जमिनीचा घोळ नाही. मला विचाराल तर प्रत्येक गटाने आधी हेच विचारून बघावं.

ठराव आणि बांधकामाची फाइल

ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. केंद्राची मागणी तिथेच नोंदवून घ्या, मग ग्रामसभेच्या ठरावात, आणि तिथून ग्रामपंचायत विकास आराखड्यात. ठरावात गट नंबर, क्षेत्र, केंद्र कोण चालवणार आणि वीजबिल कोण भरणार हे स्पष्ट हवं. 'महिला भवन बांधावे' एवढाच ठराव असला तर फाइल त्रुटी काढून परत येते.

पुढे जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागातला शाखा अभियंता जागा पाहून नकाशा आणि चालू दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश असा क्रम. गावठाणाबाहेर असेल तर बांधकाम परवानगीसाठी नगररचनेचा अभिप्राय. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या, प्रादेशिक योजनेत विकासयोग्य असलेल्या जमिनींना महसूल संहितेच्या कलम ४२-ड ने बिनशेतीची सूट दिली आहे. तुमची जागा त्यात बसते का, हे तहसील कार्यालयातून लेखी घ्या.

अंदाजपत्रक होताना दोघी-तिघींनी अभियंत्याशेजारी बसावं, कारण ठरलेला साचा म्हणजे एक सभागृह आणि एक शौचालय. त्यात शेतीचं शिक्षण होत नाही. आमसुलाचंच घ्या. कोकम फोडून सालं वेगळी करायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात पसरायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा पसरायची. हे काही दिवस चालतं, आणि नेमकं तेव्हाच वळवाचा पाऊस दारात येतो. म्हणून वर पारदर्शक छप्पर असलेलं, वाऱ्याला मोकळं खळं नकाशात हवंच. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी सोलवटते. काजू फोडायची जागा वेगळी, हवेशीर आणि नळाजवळ काढा, आणि हातमोज्यांचा खर्च साहित्याच्या यादीत घाला. खाण्याचा माल विकायचा असेल तर प्रक्रियेची खोली वर्गापासून वेगळी लागते, तिला जाळ्या आणि धुता येणारी फरशी, शिवाय अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी. तान्ह्या मुलांसाठी एक खोली सुरुवातीलाच मागा, नंतर कोणी देत नाही. छपराबद्दल आग्रही राहा: ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मुरुड-श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत पत्रे कसे उडाले, ते अजून सगळ्यांना आठवतं.

पैसा कुठून

इमारतीसाठी ग्रामविकास विभागाचं २५१५ लेखाशीर्ष (गावात सगळे 'पंचवीस-पंधरा'च म्हणतात), आमदार आणि खासदार स्थानिक विकास निधी, आणि जिल्हा वार्षिक योजना. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांनी स्वउत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून साहित्य आणि प्रशिक्षणाचा खर्च निघतो. आपल्या ग्रामपंचायतीने तो कुठे खर्च केला, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

यंत्रांसाठी २०२० साली आलेली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना: वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान, आणि गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल. हे प्रक्रियेसाठी आहे, वर्गखोलीसाठी नाही. दोन्ही एकाच अर्जात मिसळू नका. चालू वर्षाचे अर्ज घेतले जातायत का, ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा.

फाइलमध्ये काय लावायचं

महिला सभा आणि ग्रामसभा यांचे ठराव, तीन महिन्यांच्या आतला सातबारा आणि आठ अ (खात्याचा उतारा), मोजणीची 'क' प्रत (हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा), जागेचं नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा भाडेपट्टा, सहहिस्सेदारांची संमती, नकाशा आणि अंदाजपत्रक, लागू असेल तिथे सीआरझेडबाबतचा दाखला, संस्थेची नोंदणी प्रमाणपत्रं आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, बँक पासबुक, पॅन, लाभार्थी महिलांची यादी. शिवाय एक कागद कोणी मागत नाही, तरी लावा: वर्षभराचं प्रशिक्षणाचं वेळापत्रक. काजू आणि आंबा फेब्रुवारी ते मे, लावणी जून-जुलै, मग गणपती, मग भातकापणी. म्हणजे सलग वर्ग नोव्हेंबर ते जानेवारीत. हे कागदावर दिसलं की केंद्र रिकामं पडणार नाही, याची मंजुरी देणाऱ्याला खात्री पटते.

शिकवणार कोण, शिकायला पात्र कोण

इमारतीची वाट पाहत थांबू नका. मंदिराच्या सभामंडपात किंवा कोणाच्या मांगरात (शेतावरच्या घरात) पहिले वर्ग घ्या आणि त्यांची हजेरीपत्रकं फाइलला जोडा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया. तिच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत वयाच्या अटीत बसणाऱ्या महिलांना मोफत प्रशिक्षण मिळतं, निवासी असेल तर राहणं-जेवणही. पुरेशा जणी असतील तर गावात येऊन वर्ग घेण्याची विनंती लेखी करा. कृषी विज्ञान केंद्रं लांजा, रोहा, किर्लोस आणि कोसबाड इथे आहेत. १९७२ साली स्थापन झालेलं दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि त्याचं वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र काजू-आंब्याच्या कलमांसाठी मार्गदर्शन करतात. सरकारमान्य प्रमाणपत्र द्यायचं असेल तर महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाकडे केंद्राची स्वतंत्र मान्यता घ्यावी लागते: खोलीचं क्षेत्रफळ, साहित्य आणि पात्र प्रशिक्षक पाहून ती मिळते.

शिकणाऱ्या बाईला आधार, रेशन कार्ड, पासबुक आणि फोटो एवढं पुरतं. सातबारा लागत नाही. पण शिकल्यावर कृषी विभागाच्या योजनेचा अर्ज करायला गेली की शेतकरी ओळख क्रमांक मागतात. राज्यात तो २०२५ पासून सक्तीचा आहे आणि तो जमिनीच्या नोंदीशी जोडलेला असतो. लावणीपासून झोडणीपर्यंत राबलेल्या बाईचं नाव उताऱ्यावर नसतं, म्हणून ती कागदावर शेतकरी ठरत नाही. हे मला सर्वात जास्त खुपतं. यावर १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. केंद्राच्या पहिल्या बॅचच्या पहिल्याच दिवशी हे अर्ज भरून घ्या. माहेरच्या जमिनीत वारस म्हणून नाव लावायचं राहिलं असेल तर तोही अर्ज त्याच दिवशी.

पूर्ण फाइल गटविकास अधिकाऱ्यांकडे, आवक क्रमांक टाकलेली पोच घेऊन द्या. एक प्रत 'उमेद'च्या तालुका अभियान व्यवस्थापन कक्षात आणि एक जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागात. महिनाभरात उत्तर आलं नाही तर आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र, आणि त्यानंतर माहिती अधिकारात फाइल कोणत्या टेबलावर आहे याची विचारणा. त्याचं उत्तर ३० दिवसांत देणं कार्यालयाला बंधनकारक आहे.