एकच टॉवर, दोन पंक्ती

उन्हाळ्यात आईबाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेला येतात, तेव्हा सामान उघडायच्या आधी प्रश्न निघतो तो सिमकार्डाचा. मोठ्या कंपनीच्या एका लाइनचं बिल सहज साठ-सत्तर डॉलरच्या घरात जातं. त्याच टॉवरवर चालणारं दुसऱ्या कुठल्याशा नावाचं कार्ड मात्र पंधरा-वीस डॉलरला मिळतं. यात कुठेतरी खोट असणार, अशी शंका येते. शंका रास्त आहे, पण ती खोट नेमकी कुठे आहे हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

या छोट्या कंपन्यांना एमव्हीएनओ (मोबाइल व्हर्च्युअल नेटवर्क ऑपरेटर) म्हणतात. मला पोटभाडेकरू हा आपला शब्द त्यांना जास्त चपखल वाटतो. त्यांच्याकडे ना रेडिओलहरींचा (स्पेक्ट्रमचा) परवाना, ना टॉवर. मिनिटं, मेसेज आणि डेटा मोठ्या कंपनीकडून घाऊक भावाने घ्यायचा आणि आपल्या नावाने किरकोळीत विकायचा, हा त्यांचा धंदा.

अमेरिकेत याची मुळं 1981 सालच्या एका नियमात आहेत. आजच्यासारखी मोबाइल सेवा तेव्हा तिथे सुरूही झाली नव्हती. प्रत्येक शहरात दोनच परवाने द्यायचे आणि त्यांतला एक तिथल्या जुन्या टेलिफोन कंपनीला, असं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या तिथल्या सरकारी दूरसंचार नियामकाने ठरवलं. दोघांनी मिळून बाजार वाटून घेऊ नये म्हणून एक अटही घातली: कुणी तुमची सेवा विकत घेऊन पुढे विकत असेल, तर त्याला अडवायचं नाही. पुढे नवे परवाने निघाले, कंपन्या वाढल्या, आणि आता स्पर्धा पुरेशी आहे असं मानून ही अट 2002 मध्ये संपू दिली गेली. या विषयातलं एकच साल लक्षात ठेवायचं असेल, तर मी हे सांगेन. तेव्हापासून पोटभाडेकरू ठेवायचा की नाही, कोणत्या अटींवर ठेवायचा, हे बहुतांशी मूळ मालकाच्या मर्जीवर आलं.

मालक तरी त्यांना का ठेवतो? कारण टॉवरचा खर्च एकदा झाला की रिकामी राहिलेली क्षमता वाया जाते, आणि काही ग्राहक मोठ्या कंपनीच्या दारात येतच नाहीत. 1996 मध्ये मायामीत सुरू झालेली ट्रॅकफोन ही प्रीपेड पोटभाडेकरू कंपनी अशाच ग्राहकांवर वाढली. पोस्टपेड कनेक्शनला क्रेडिटचा, म्हणजे आधीची कर्जं-बिलं फेडल्याचा, इतिहास बघतात. तो नसेल त्याने प्रीपेड घ्यावं. नुकताच विमानातून उतरलेला विद्यार्थी नेमका याच रांगेत असतो. ब्रिटनमध्ये 1999 साली व्हर्जिन मोबाइलने वन-टू-वन या तिथल्या मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवर हेच केलं आणि जगभर या धंद्याला नाव मिळालं. नुसत्या नावावर मात्र तो चालत नाही: ईएसपीएन ही क्रीडावाहिनी आणि डिस्ने या दोघांनी अमेरिकेत काढलेल्या अशा मोबाइल सेवा 2006-07 मध्ये गुंडाळल्या गेल्या.

नंतर मालकांनीच पोटभाडेकरू विकत घ्यायला सुरुवात केली. नोव्हेंबर 2021 मध्ये ट्रॅकफोन व्हेरायझन या मोठ्या टॉवरवाल्या कंपनीकडे गेली आणि तिचे दोन कोटींच्या आसपास ग्राहकही. मे 2024 मध्ये मिंट मोबाइल ही पोटभाडेकरू कंपनी टी-मोबाइल या दुसऱ्या मोठ्या कंपनीची झाली. उलटी गोष्ट केबल कंपन्यांची. कॉमकास्ट आणि तिच्या भागीदारांनी स्वतःकडचे लहरींचे परवाने व्हेरायझनला विकताना, तिचं नेटवर्क वापरून मोबाइल सेवा विकायचा हक्क मिळवला. 2017 मध्ये त्यातूनच एक्सफिनिटी मोबाइल उभी राहिली. हातात देण्याजोगं काही असेल, तर भाडेकरूलाही चांगला करार मिळतो.

आता त्या खोटीबद्दल. टॉवर एकच असला तरी डेटाच्या पंक्ती दोन असतात. गर्दी झाली की मालकाचे महागडे ग्राहक पहिल्या पंक्तीला बसतात, स्वस्त कार्डवाले दुसऱ्या. काही छोट्या कंपन्या थोडे जास्त पैसे घेऊन पहिल्या पंक्तीत बसवतात. घेताना हे जरूर विचारावं. साध्या फोनला याचा फारसा फटका बसत नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलला बसतो. आणि आपल्या घरांत पुण्याला फोन लागतो तो इथल्या संध्याकाळी, तिकडे सकाळ झाल्यावर, म्हणजे ऐन गर्दीच्या वेळी. घरच्या वायफायवर हा प्रश्न येत नाही, बाहेर येतो. दुसरं म्हणजे, जिथे स्वतःचा टॉवर नाही तिथे मोठी कंपनी आपल्या ग्राहकाला दुसऱ्याच्या टॉवरवर जाऊ देते. स्वस्त प्लॅनमध्ये ही सोय अनेकदा नसते, म्हणून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानासारख्या आडवाटेच्या ठिकाणी एकाच गाडीतल्या एकाला रेंज असते आणि दुसऱ्याला नसते. हेही विचारून घ्यावं. कार्ड पटलं नाही तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय अमेरिकेत 2003 पासून आहे.

भारतात हे रुजलं नाही. 2008 मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसच्या जोडीने व्हर्जिन मोबाइल आली, पण पोटभाडेकरूला परवाना देणारा नियमच नव्हता, म्हणून ती टाटांच्या सेवेला दिलेलं नुसतं नाव होती. अशा परवान्यांची नियमावली दूरसंचार विभागाने काढली ती मे 2016 मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ सुरू झाली आणि डेटाचे भाव असे कोसळले की घाऊक आणि किरकोळ दरांत एखाद्या छोट्या कंपनीला तग धरता येईल एवढं अंतरच उरलं नाही. त्यामुळे मुंबईहून आलेल्या बाबांना, कार्डावरचं नाव एकाचं आणि टॉवर दुसऱ्याचा, हे पहिल्यांदा समजावून सांगावं लागतं.