दोन-तृतीयांश पिचचा आग्रह कुठून आला

नाशिकजवळच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत डिझेल जनरेटर घ्यायचा ठरला की अटींमध्ये एक ओळ बऱ्याचदा दिसते: 'अल्टरनेटरची वाइंडिंग दोन-तृतीयांश पिचची असावी.' ती का, असं विचारलं की उत्तर मिळतं, 'मागच्या वेळच्या कागदात होती.'

अल्टरनेटर म्हणजे जनरेटरमधला वीज तयार करणारा भाग, वाइंडिंग म्हणजे त्यातली तांब्याची वेटोळी, आणि पिच म्हणजे एका वेटोळ्याच्या, म्हणजे कॉइलच्या, दोन बाजूंमधलं अंतर. कॉइल किती पसरायची, किती आखूड ठेवायची, हा प्रश्न सुरुवातीला फारसा नव्हताच. १८९१ साली जर्मनीत लाउफेनहून फ्रांकफुर्टला सुमारे १७५ किलोमीटर तीन फेज वीज नेली, तेव्हाच्या अल्टरनेटरमध्ये दर ध्रुवाला प्रत्येक फेजची एकेकच सळई होती. पुढे यंत्रं मोठी झाली, फेजची वेटोळी अनेक स्लॉटमध्ये, म्हणजे गाभ्यातल्या खाचांत, वाटली गेली. शेजारच्या स्लॉटमधली व्होल्टेज एकाच क्षणी शिखरावर नसतात, त्यामुळे बेरीज थोडी कमी भरते. ४८ स्लॉट, ४ ध्रुवांच्या यंत्रात ती ०.९५८ पट येते. चार टक्के गेले, पण तरंग गुळगुळीत झाला. वीजवाहिनीशेजारच्या टेलिफोन तारांत गुणगुण ऐकू येऊ लागली, तेव्हा हार्मोनिक, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या तीनपट, पाचपट अशा पटींत मिसळलेले तरंग, मोजायची निकडही वाढली.

पसरण्याने पाचवा हार्मोनिक ०.२०५ वर आणि सातवा ०.१५८ वर येतो. तिसरा मात्र ०.६५३ वर अडून बसतो. त्याच्यावरचा उपाय म्हणजे आखूड कॉइल. पूर्ण पिच १८० अंशांची, म्हणजे एका ध्रुवापासून पुढच्या ध्रुवापर्यंतची. ती ६० अंशांनी कमी केली, म्हणजे दोन-तृतीयांश ठेवली, की तिसऱ्याचा गुणक थेट शून्य होतो. किंमत म्हणून मूळ व्होल्टेजही ०.८६६ पट होतं. ३० अंशांनीच कमी केली, म्हणजे पाच-षष्ठांश ठेवली, तर मूळ व्होल्टेज ०.९६६ पट मिळतं आणि पाचवा-सातवा दोन्ही ०.२५९ वर येतात, पण तिसरा ०.७०७ पट उरतो. तेवढंच व्होल्टेज काढायला दोन-तृतीयांशला सुमारे साडेअकरा टक्के जास्त टर्न लागतात. तांबं फुकट येत नाही.

एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातल्या २१० मेगावॉटच्या संचांना हा वाद शिवतही नाही. त्यांची वीज १५.७५ केव्हीला निघते आणि ट्रान्सफॉर्मरच्या डेल्टा (न्यूट्रल नसलेल्या) बाजूला जाते. तिसऱ्या हार्मोनिकला न्यूट्रलमधून, म्हणजे तिन्ही फेजच्या सामाईक तारेतून, वाटच नाही, मग त्याच्यासाठी तांबं कशाला घालवायचं? भांडण आहे ते ४१५ व्होल्टच्या, चार तारांच्या छोट्या संचांचं.

आणि ते संच नाशकात भारनियमनाच्या वर्षांत आले. २००५ नंतर ज्याला परवडलं त्याने एक घेतला, काम वाढलं तसा शेजारी दुसरा ठेवला. पहिला पाच-षष्ठांश, दुसरा दोन-तृतीयांश. दोघांचं फेज-न्यूट्रल व्होल्टेज मीटरवर एकच दिसतं, आकार मात्र वेगळा. न्यूट्रल जोडून समांतर चालवले की भार शून्य असतानाही न्यूट्रलमध्ये १५० हर्ट्झचा करंट फिरतो. क्लॅम्प मीटर लावल्यावर आकडा पाहून वायरमन आधी मीटरवरच संशय घेतो.

यातूनच विक्रीच्या बोलण्यात एक वाक्य रुजलं: वेगवेगळ्या पिचचे संच समांतर चालूच शकत नाहीत. ते खरं नाही. एका संचाचा न्यूट्रल कॉन्टॅक्टरने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) मोकळा ठेवला किंवा न्यूट्रलमध्ये रिअ‍ॅक्टर (करंट अडवणारी कॉइल) बसवला, तर ते चालतात. दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. दोन-तृतीयांश वाइंडिंगचा शून्य-क्रम अवरोध (तिन्ही फेजमधून एकाच वेळी एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटला होणारा अडथळा) कमी असतो, त्यामुळे एक फेज जमिनीला लागली तर फॉल्ट करंट जास्त येतो. आणि पाचवा-सातवा हार्मोनिक मूळ व्होल्टेजच्या तुलनेत पिचमुळे जराही कमी होत नाही. ते काम सगळं पसरण्यावर सोडलेलं असतं. न्यूट्रलवर सिंगल फेज यूपीएस आणि संगणकांचा भार असेल तर दोन-तृतीयांश नक्की घ्यावी. सगळा भार तीन फेज मोटरींचा आणि संच एकटाच असेल, तर ही अट पैसे वाढवते, दुसरं काही नाही.

खरा घोळ 'पिच' या शब्दात आहे. पुस्तकात पिच म्हणजे अंतर, रिवाइंडिंगच्या दुकानात पिच म्हणजे स्लॉटचे क्रमांक. जुनी वाइंडिंग कापण्याआधी डाटा घेताना कारागीर '१-९' लिहितो. कॉइलची एक बाजू पहिल्या स्लॉटमध्ये, दुसरी नवव्यात. अंतर ८, ध्रुवाला स्लॉट १२, म्हणून ८/१२. नवा मुलगा ९ हेच अंतर समजून १-१० टाकतो. झाली तीन-चतुर्थांश! तिसरा हार्मोनिक शून्यावरून ०.३८३ वर परत येतो. मूळ व्होल्टेज उलट थोडं वाढतं, एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारं उपकरण) चुंबकीय फील्ड कमी करून ते सांभाळून घेतो आणि टेस्टिंगला मीटर ४१५ दाखवतो. १-११ टाकली तरी तेच, फक्त तिसरा आणखी वर. चूक कळते ती संच दुसऱ्याशी जोडल्यावर, न्यूट्रलची केबल तापल्यावर.

जुलै २०२३ पासून जनरेटरसाठी उत्सर्जनाचे नवे नियम आले. त्यामुळे जुन्या संचाशेजारी नवा, ही जोडी पुन्हा दिसू लागली आहे. जुना एकदा तरी रिवाइंड झालेला असतो. पाटीवर केव्हीए, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम असतं. पिच बहुधा नसते. ती कळायची तर कव्हर काढून स्लॉट मोजावे लागतात, आणि ते एकपासून मोजायचे की शून्यापासून, हे आधी ठरवावं लागतं.